हरळीच्या काशा

हरळीला आमच्याकडं दोन नावं आहेत. गणेशचतुर्थी आणि महिन्याच्या संकष्ट्या धरून वर्षातले पंधराएक दिवस ती दूर्वा असते. उरलेले साडेतीनशे दिवस ती हरळी. दूर्वा असते तेव्हा पोरं आंघोळी करून अनवाणी बांधावर जातात, तीन पात्यांची कोवळी टोकं खुडतात, एकवीस मोजून जुडी बांधतात. गणपतीनं अनलासुर गिळला, पोटात आग पडली आणि ऋषींनी वाहिलेल्या दूर्वांनी ती शांत झाली, ही गोष्ट आजी सांगायची. म्हणजे देवाच्या पोटातली आग विझवणारं गवत. आणि चतुर्थी सरली की त्याच बांधावर उभा राहून तोच माणूस म्हणतो, "मेलीनं समदा पट्टा खाल्ला की रं."

शहरात तर तिला तिसरं नाव आहे, लॉन. पुण्यात माझा भाचा राहतो. त्याच्या सोसायटीत हीच हरळी, म्हणजे तिचीच बारीक पानांची बहीण, पैसे देऊन आणून लावलीय. तिला पाणी घालायला, कापायला पगारी माणूस आहे आणि 'गवतावर चालू नये' अशी पाटी आहे. मी ती पाटी बराच वेळ बघत उभा होतो. भाच्याला वाटलं, मामाला गवत आवडलं.

एकदा शेतकरी शिबिरात एका साहेबांनी व्याख्या सांगितली होती. नको त्या जागी उगवलेली वनस्पती म्हणजे तण. मी विचारलं, "साहेब, नको कुणाला?" ते हसले आणि पुढच्या मुद्द्यावर गेले. माझं शिक्षण दहावीपर्यंतचं, त्यामुळं मला त्या हसण्याचा राग आला नाही. पण प्रश्न तसाच माझ्याजवळ राहिला, आणि परड्यातली हरळी काढायची वेळ आली तेव्हा त्याला आणखी दोन-चार प्रश्न येऊन चिकटले.

आमच्या घरामागं पाच गुंठ्यांचं परडं आहे. पूर्वी तिथं गोठा होता, वैरणीची बुचाडं असायची. जनावरं कमी झाली, मग गेली. गोठा पडला. शेणामुतानं पोसलेली काळी जमीन मोकळी पडल्यावर हरळीनं तीन पावसाळ्यांत ती सगळी झाकून टाकली. कडेला लव्हाळा, कोपऱ्यात गाजर गवत. आमच्या घरचीच्या मनात तिथं भाजीचा मळा करायचा होता. मेथी, कोथिंबीर, पोकळा, घेवडा, दोडक्याचा एखादा मांडव. "आवं, दारात एवढी जिमीन आसून बाजारातनं कोथमीर आणायची म्हंजी लाज वाटती," असं ती दर रविवारी बाजारातून आल्यावर म्हणायची.

थोरला मुलगा म्हणाला, "आण्णा, त्यात काय, औषध आणतो. पंधरा दिवसांत पिवळी पडंल."

औषध. आमच्या भाषेत विषाला औषध म्हणतात. तणाला मारायचं ते औषध, किडीला मारायचं ते औषध. आणि गावात कुणी जीव दिला तरी माणसं हळू आवाजात म्हणतात, "त्यानं औषध घेतलं." हा शब्द कुणी पहिल्यांदा वापरला ठाऊक नाही, पण दुकानदाराच्या फायद्याचा आहे. डबा हातात घेताना भीती वाटत नाही.

मुलाचं म्हणणं मी उडवून लावत नाही. तो वेडा नाही. ग्लायफोसेट पानावर पडलं की ते झाडाच्या आतून मुळापर्यंत उतरतं, आणि हरळीचा जीव वर नसून खालीच असतो. म्हणजे जिथं मारायला पाहिजे तिथं ते पोचतं. बिननांगरणीची शेती करणारे काही जाणते शेतकरी मुद्दाम तण वाढू देतात, तणनाशकानं जागच्या जागी मारतात आणि तिथंच कुजवतात. जमीन न उकरल्यामुळं गांडुळं वाचतात, असं ते सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. दुसऱ्या बाजूनं, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१५ साली हे औषध माणसाला बहुधा कर्करोग करू शकणाऱ्यांच्या यादीत घातलं. दुसऱ्या काही सरकारी संस्थांना ते मान्य नाही. आपल्या केंद्र सरकारनं २०२२ च्या ऑक्टोबरात आदेश काढला, की कीडनियंत्रणाचा परवाना असलेल्यांशिवाय इतरांनी ते फवारू नये. आदेश कागदावर आहे आणि पंप शेतकऱ्याच्या पाठीवर आहे.

माझं कारण या वादातलं नव्हतं. परड्यापासून आमचा आड पंचवीस-तीस फुटांवर आहे. कोंबड्या दिवसभर तिथंच उकरतात. नातवंडं तिथंच खेळतात. शिवाय विष बांध ओळखत नाही, हे मी पाहिलंय. तासगावच्या बाजूला द्राक्षबागा आहेत. शेजारच्या उसात कुणी टू-फोर-डी मारलं आणि वारं फिरलं, की वेलीची पानं पंख्याच्या घडीसारखी आखडून जातात. मारणाऱ्याचा द्राक्षांशी काही वैरभाव नसतो. मी म्हणालो, परड्यात विष नको. मुलगा म्हणाला, "बरं." घरची म्हणाली, "मग बायका लावून भांगलून घिऊया." मला वाटलं, विषय मिटला.

भांगलणीला येणाऱ्या बायकांत एक आहे. साठी उलटलेली असेल. तिच्या आईबरोबर माझी आई भांगलायला जायची. आम्ही शेताचे मालक असलो तरी दीड एकराचे मालक, त्यामुळं आई हंगामात दुसऱ्याच्या पातीवर असायचीच. तर त्या बाईला मी परडं दाखवलं. अभिमानानं सांगितलं, की इथं विष मारणार नाही, बिनविषाची भाजी करायची आहे. तिनं खुरप्याच्या टोकानं थोडी माती उकरली, काशी बघितली आणि म्हणाली, "इख न्हाई म्हंता आण्णा, चांगलं हाय. पर ह्यात आमची कंबर हाय न्हवं."

तिनं ते भांडून म्हटलं नाही. मीठ महाग झालं म्हणावं तसं म्हणाली.

ज्यांनी भांगलण केलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. विदर्भात निंदण म्हणतात, पुण्याकडं खुरपणी म्हणतात, आमच्याकडं भांगलण. बाई उकिडवी बसते. डाव्या हातानं गवत धरते, उजव्या हातानं खुरपं चालवते आणि बसल्या बसल्याच पात पुढं नेते. सकाळी दहापासून संध्याकाळी पाच-सहापर्यंत. हातभर तणाला तीन-चार वार. साध्या तणाला ठीक आहे, ते मुळासकट येतं. हरळी तशी येत नाही. ती तुटते, आणि आठ दिवसांनी तिथंच दोन फुटतात. म्हणजे हरळीची भांगलण कधी संपतच नाही. माझ्या आईचे गुडघे पन्नाशीतच गेले. शेवटची वर्षं ती भिंत धरून उठायची. डॉक्टरनं विचारलं, काय काम करत होतात? आई म्हणाली, "काम न्हाई, बसूनच असायची." भांगलणीला ती काम म्हणत नव्हती, कारण काम म्हणजे बाप्यानं करायचं ते. रोजही त्याच हिशोबानं. आज आमच्याकडं बाप्याला पाचशे आहेत आणि बाईला तीनशे, आणि बाप्या दुपारी तंबाखू मळायला तीनदा बसतो.

त्या बाईच्या वाक्यानं माझं बिनविषाचं पुण्य एकदम उघडं पडलं. मी विष वापरणार नाही, त्याचं नाव माझं होणार. पाहुण्यांना सांगणार, आमच्याकडं सगळं बिनविषाचं. आणि ते पुण्य तीनशे रुपये रोजानं तिच्या गुडघ्यांतून काढून आणणार. विषानं माती दुखत असेल, इथं माणूस दुखतं. मग फरक काय राहिला?

मी तिला विचारलं, "मग औषध मारलेलं तुला बरं वाटतं का?" ती हसली. म्हणाली, "त्या इखानं कंबर वाचिवली आन् हाजरी खाल्ली." तिच्या ऐन उमेदीत आमच्या वाडीत हंगामाला तीस-पस्तीस दिवस भांगलण मिळायची. आता उसात तणनाशक मारतात, सोयाबीनमध्ये मारतात. तिचे दिवस दहावर आलेत. आणखी एक गोष्ट गेली, ती शेतमालकांच्या लक्षातही नाही. भांगलणाऱ्या बायका घरी जाताना ओटीत पाथरी, तांदळजा, घोळ, कुरडू घेऊन जायच्या. आमच्या हिशोबात ते तण, त्यांच्या हिशोबात रात्रीची भाजी. पंपवाल्याला पाथरी आणि गाजर गवत यांतला फरक कळत नाही, कळून उपयोगही नाही.

आणि पंपवाल्याचं तरी काय? ते ओझंही कुणाच्या तरी पाठीवरच असतं. सोळा लिटरचा पंप, तोंडाला फडकं, पायांत चप्पल. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर मेले. ते कीटकनाशक होतं, तणनाशक नव्हतं, पण पंप तोच आणि पंप उचलणाराही तोच. म्हणजे हरळी कुठल्याही वाटेनं काढा, ती कुणाच्या तरी शरीरातून काढावी लागते. ते शरीर कुणाचं, एवढाच प्रश्न उरतो. बिनविषाच्या शेतीवर भाषणं करणारी बरीच माणसं मी ऐकली. त्यांतल्या फार थोड्यांचे गुडघे बघून वाटलं, की हे स्वतः पातीवर बसले असतील.

आमच्या बांधाला लागून एका जैन शेतकऱ्याचा मळा आहे. लांबच्या लोकांना वाटतं जैन म्हणजे व्यापारी. आमच्या सांगली-कोल्हापूरकडं पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरणारे जैन आहेत. हे गृहस्थ कांदा-लसूण-बटाटा खात नाहीत, जमिनीखालचं काही खात नाहीत, आणि हळद मात्र एकरानं पिकवतात. मी थट्टा करतो, तेही हसतात. त्यांना मी विचारलं, की तुमच्या धर्मात गवताला जीव आहे, मग हरळी उपटणं हिंसा नाही का? ते म्हणाले, हिंसाच आहे. पण हिंसेचे चार प्रकार सांगितलेत. मारायचंच म्हणून मारणं ती संकल्पी. स्वयंपाकपाण्यात, झाडलोटीत होते ती आरंभी. शेतीधंद्यात होते ती उद्योगी. स्वतःचं रक्षण करताना होते ती विरोधी. संसारी माणसानं पहिली पूर्ण सोडायची. बाकीच्या तीन सुटत नाहीत, म्हणून त्या कमीत कमी आणि बघून-जपून करायच्या. "बघून म्हणजे?" मी विचारलं. म्हणाले, "आपण काय मारतोय ते आपल्याला दिसलं पाहिजे."

हे मला पटलं, आणि त्याच वेळी खुपलं. कुदळ मारताना गांडुळाचे दोन तुकडे होतात ते मला दिसतं. दिसलं म्हणून ते जोडत नाही. पण बेडूक दिसला तर कुदळ थांबते. धामण निघाली तर माणूस बाजूला होतो आणि तिला जाऊ देतो. शिवाय कुदळीला एक हद्द आहे, ती म्हणजे माझा दम. साठी ओलांडलेल्या माणसाचा दम दोन तासांत संपतो, की त्या दिवसाची हिंसा संपली. पंपाला दम लागत नाही. चार्जिंगचा पंप एका दिवसात एकरभर जमीन सहज भिजवतो, आणि संध्याकाळी माणूस ताजातवाना चहा पीत बसतो.

पवनारच्या आश्रमात विनोबांनी बैलाशिवाय, नुसत्या हातांनी शेती करून पाहिली होती. तिला ते ऋषिशेती म्हणायचे. तरुणपणी मला तो ऋषींचा हट्ट वाटायचा. आता वाटतं, त्यात हिशोब होता. हातानं करायचं ठरवलं की किती करायचं हे आपोआप ठरतं.

मी घरचीला म्हणालो, पाच गुंठे नको. एका वर्षी एक गुंठा. तेहेतीस फूट लांब, तेहेतीस फूट रुंद. तेवढंच दोघांनी करायचं. तिनं हिशोब केला. "म्हंजी पाच वरसं? तवर मी असंन का?" मी म्हणालो, कोथिंबिरीला एक गुंठा रग्गड आहे.

आता हरळी काढायची कशी, ते थोडं सविस्तर सांगतो, कारण पुष्कळ लोक इथंच फसतात. हरळीचं जे हिरवं दिसतं ती नुसती पानं. खरी हरळी जमिनीत आहे. पांढरट, टोकदार, गाठीगाठींच्या काशा. प्रत्येक गाठीला डोळा, प्रत्येक डोळ्याला कोंब. एका काशीचे दहा तुकडे केलेत तर दहा हरळ्या होतात. म्हणून हरळीच्या रानात रोटाव्हेटर घालणारा माणूस हरळीची लागवडच करत असतो. वर आठ दिवस जमीन सुरेख भुसभुशीत दिसते, फोटो काढावा अशी. पहिल्या पावसानंतर बघायला जावं. काशी तुटू द्यायची नाही, अख्खी ओढायची, हे सगळ्या कामाचं सूत्र.

काळी जमीन उन्हाळ्यात दगड होते, तेव्हा कुदळ लागत नाही. म्हणून फाल्गुनात गुंठ्याला एक पाणी दिलं. वाफसा आला तसं चार दातांच्या कुदळीनं उकरायला घेतलं. पात्याची कुदळ काशी तोडते, दातांची कुदळ ती उचलते. सकाळी सहा ते आठ, एवढंच. हातभर खोल जायचं, ढेकूळ उलटं करून ठेवायचं, मूळ वर आकाशाकडं. चैत्राचं ऊन पुढचं काम फुकट करतं. दहा-बारा दिवसांत ढेकळं तडकली, की काठीनं फोडायची आणि काशा वेचून बुट्टीत टाकायच्या. फोडायचं माझ्याकडं, वेचायचं घरचीकडं. पण खाली बसून नाही, पाटावर बसून. आम्हाला या एका गुंठ्याला बावीस सकाळी लागल्या.

वेचणीला शेवटचे चार दिवस शेजारच्या दोघी आल्या, पैऱ्यानं. पैरा म्हणजे आज तुम्ही माझ्याकडं, उद्या मी तुमच्याकडं. पैसे नाहीत. आमची घरची नंतर चार दिवस त्यांच्या हळदीत जाऊन आली. पैऱ्यात एक बरं असतं. दुसऱ्याची कंबर किती वापरायची हे माणूस विचार करून ठरवतं, कारण परत आपलीच द्यायची असते.

वेचलेल्या काशा बहुतेक लोक जाळतात. आम्ही त्या धुऊन शेजाऱ्याच्या म्हशीला घातल्या. घालताना मला १९७२ आठवलं. मी अकरा वर्षांचा होतो. दुष्काळी कामावर आई खडी फोडायला जायची, घरात मिलोच्या तांबड्या भाकरी. वैरण कुठंच नव्हती. आमच्या आबांनी बांध खणून हरळीच्या काशा काढल्या, आडाच्या तळातल्या गढूळ पाण्यात खळबळून धुतल्या आणि बैलांना घातल्या. दोन बैलांतला एक त्याच्यावर जगला. आबा हरळीला आयुष्यभर शिव्या देत राहिले, पण बांधावरची हरळी त्यांनी कधी काढू दिली नाही. पावसात बांध फुटत नाही तो तिच्यामुळंच, असं म्हणायचे. माझ्या मते साहेबांच्या व्याख्येपेक्षा आबांचा व्यवहार जास्त शहाणा होता. तिची जागा त्यांनी ठरवून दिली होती, आणि त्या जागेपुरती तिची गरज मान्य केली होती.

ऊन झाल्यावर वळीव आला. वळवानं राहिलेल्या काशा बोलू लागतात. जिथं डोळा जिवंत असेल तिथं हिरवं टोक येतं. त्या वेळी रोज चहाच्या आधी एक फेरी मारायची, बोटानं माग काढत जाऊन काशी ओढायची. मृगात दाट ताग पेरला. हरळीला ऊन पाहिजे, सावली तिला सोसत नाही. तागानं दीड महिन्यात छातीएवढी वाढून खाली अंधार केला. फुलावर आला तसा कापून तिथंच आंथरला. वर उसाचं पाचट. कडेनं वीतभर रुंद, हातभर खोल चर काढला आणि चराच्या आतल्या बाजूला गवती चहाची ओळ लावली. दसऱ्याला पहिली मेथी टाकली.

लव्हाळ्याचं मात्र काही सांगू नका. त्याच्या गाठी माळेसारख्या ओवलेल्या, वरची ओढली की खालची राहतेच. लोक मल्चिंगचा प्लास्टिक कागद घालतात, तर हा सुईसारखं टोक काढून कागद भोसकून वर येतो. त्याचाच नागरमोथा आपण दिवाळीच्या उटण्यात घालतो. परड्याच्या त्या कोपऱ्यात मी हार मानून अळू लावलंय.

गाजर गवताबद्दल लोक म्हणतात, ते परदेशी, अमेरिकेच्या गव्हाबरोबर आलं, म्हणून त्याचा नायनाट करा. १९५५ च्या सुमारास ते पहिल्यांदा पुण्यात दिसलं, हे खरं. अंगाला खाज येते, काहींना दमा होतो, हेही खरं. फुलावर यायच्या आत उपटून खड्ड्यात कुजवलं तर खत होतं, मी तेच करतो. पण परदेशी हा गुन्हा धरला, तर मिरची, मका, भुईमूग, बटाटा, पेरू, सीताफळ सगळ्यांनाच बोटीत बसवून परत पाठवावं लागेल. ठेच्याशिवाय भाकरी खायची तयारी असेल त्यानं हा मुद्दा मांडावा. माझं गाजर गवताशी भांडण ते कुठून आलं याचं नाही. ते आलं की दुसऱ्या कुणाला उगवू देत नाही, याचं आहे. आणि हे भांडण मला चार एकर सलग उसाशी पण आहे, पण ऊस आपण लावतो म्हणून त्याला तण म्हणत नाही.

आज दोन गुंठे साफ झालेत. साफ म्हणजे हरळी नाही असं नव्हे. आठवड्याला पाच-दहा टोकं दिसतात, चर ओलांडून एखादी काशी येते. ती येणारच. चराच्या पलीकडं तीन गुंठ्यांत ती सुखानं आहे, शेळ्या तिथं चरतात.

उसात मात्र मुलाचं चालतं. तो म्हणतो, "आण्णा, परड्यात तुमचं पुण्य होतंय, पर चार एकरात कोण बसणार?" याला माझ्याकडं पुरतं उत्तर नाही. पाचट जाळायचं बंद करून ते सरीत पसरायला त्याला कबूल केलंय, त्यामुळं फवारणी दोनवरून एकवर आली. ती एकही मला खटकते. जमिनीची वाटणी आमच्यात झालेली नाही, पण जेवताना या विषयावर बोलायचं नाही अशी वाटणी झालीय. आणि भांगलणीला बायका बोलवायच्या तेव्हा बाईलाही बाप्याचाच रोज द्यायचा, हे मी ठरवलं. दोघा-तिघा शेजाऱ्यांनी रस्त्यात अडवून सांगितलं, "आण्णा, भाव बिघडवू नका." मी म्हणालो, बिघडलेलाच होता.

मध्यंतरी भाच्यानं एक गोष्ट सांगितली. अमेरिकेत कॅलिफोर्नियात शेतमजुरांना हातभर दांड्याची कुदळ देत असत. वाकल्याशिवाय तिनं काम करताच येत नाही, माणसांच्या कमरा जातात, म्हणून मजुरांनी कोर्टात दाद मागितली आणि १९७५ साली ती कुदळ बंद झाली. मी हे ऐकून आमच्या खुरप्याकडं बघितलं. वीतभर मूठ. किती पिढ्यांपासून ते असंच आहे, आणि उभ्यानं भांगलायचं सायकल कोळपं आलं तेव्हा ते बाप्यांच्या हातात गेलं.

मुलगा औषधाच्या बाजूचा असला तरी हातानं कसबी आहे. त्यानं लोहाराकडून चार दातांची हलकी कुदळ करून घेतली, तिला बांबूचा दांडा बसवला आणि त्या म्हाताऱ्या बाईला परड्यात बोलावून वापरून बघायला सांगितलं. तिनं उभ्यानं चार-सहा वेळा मारली. एक अख्खी काशी वर आली, हातभर लांब. ती काशी तिनं बाजूला ठेवली, दांडा वरपासून खालपर्यंत चाचपला आणि म्हणाली, "बेस हाय. पर आजून वीतभर लांब पायजे, मी उंच हाय."

मुलानं माप घेतलंय. पुढच्या बाजारच्या दिवशी लोहाराकडं जायचंय.